अपॉइंटमेंटची गरज नाही

३ नोव्हेंबर
हायवेच्या चौकात, कापसाच्या जिनिंगच्या बाजूला, नवीन क्लिनिक उघडलं. बोर्ड भलामोठा: 'अपॉइंटमेंटची गरज नाही. सरळ आत या.' अशा बोर्डाने हिंगणघाटचं नुकसान होणार. लोक शिंक आली तरी आत शिरतील. कुठला आजार घरचा, कुठला क्लिनिकचा आणि कुठला वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्याचा, हे माणसाला कळलं पाहिजे. मला कळतं. ग्रामविकास अधिकारी म्हणून नोकरी केली. पल्स पोलिओचे किती बूथ लावले याला गणती नाही. आरोग्य खात्याचे लोक मला विचारून टेबल-खुर्च्या मांडत.
संकल्प: गरज नसताना या क्लिनिकची पायरी चढायची नाही.

४ नोव्हेंबर
क्लिनिकमध्ये जाऊन आलो. पेशंट म्हणून नव्हे, पाहणी म्हणून. स्वच्छता ठीक. टोकनशिवाय आत सोडत नाहीत म्हणून टोकन घेतलं. टोकन घेतल्यावर काहीतरी सांगणं भाग होतं, म्हणून डास चावल्याचं सांगितलं.
डॉक्टर नंदिनी म्हणून एक मुलगी आहे, आमच्या अश्विनपेक्षा लहान. डासाची जागा तिने धड पाहिली नाही. बीपी पाहिलं. एकशे ऐंशी. म्हटलं, मशीन नवीन दिसतं, सेट व्हायला वेळ लागेल. गोळी घेता का, असं तिने विचारलं. घेतो, लागेल तेव्हा. ती म्हणाली, "काका, कधी लागते ते आपल्याला कळत नाही, म्हणूनच रोज घ्यायची."
तरुण पिढीत आत्मविश्वास दांडगा आहे. भागीरथाला आकडा सांगितला नाही. बायकोला उगाच काळजी लागते.

७ नोव्हेंबर
कॉलनीसाठी मार्गदर्शन तयार केलं आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. सूत्र सोपं आहे. दुखत नाही: घर. दुखतं पण सहन होतं: क्लिनिक. सहन होत नाही: वर्धा. बस्स. सरकार यावर पुस्तकं छापतं.
शेजारच्या प्रेमदासने लगेच 'जय भीम साहेब, लय भारी' असं लिहिलं. भागीरथा भाजी निवडता निवडता म्हणाली, "अन् दुखत नसलं, पण बिमारी मोठी असली त?" अपवादावर धोरण ठरत नसतं, हे तिला किती वेळा समजावायचं.

११ नोव्हेंबर
सकाळपासून उचकी. साखर खाल्ली, श्वास धरला, उपयोग नाही. दुखत नव्हतं, पण सहनही होत नव्हतं. सबब वर्धा. अश्विनने अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि गाडी काढली.
वर्धा यायच्या आधीच उचकी थांबली. अश्विन म्हणाला, "बाबा, वापस जाऊ?" काम अर्धवट सोडायची मला सवय नाही. तिथल्या इमर्जन्सीत मोठी गर्दी. माझ्या शेजारी ट्रॅक्टरखाली पाय सापडलेला एक माणूस झोपला होता. डॉक्टरने विचारलं, काय होतंय? म्हटलं, होत होतं. त्याने पाणी प्यायला सांगितलं. निदान योग्य वाटलं.
परतताना अश्विन सारखा घड्याळ बघत होता. त्याला कामाचं टेन्शन असावं.

१८ नोव्हेंबर
कपडे वाळू घालताना भागीरथा ओट्यावरून घसरली. डावं मनगट सुजलं. म्हणाली, "दुखून राह्यलं, पण सहन होते." सूत्रानुसार क्लिनिक. पण बोटं हलताहेत, म्हणजे हाड शाबूत. मुरगळलं आहे. हळद-तेल लावून पट्टी बांधली. पट्टी फार सुबक बांधली गेली.

१९ नोव्हेंबर
भागीरथा मला न विचारता ऑटोने क्लिनिकला गेली आणि प्लास्टर घालून आली. फ्रॅक्चर म्हणे. एक्स-रे मी उजेडात धरून पाहिला. रेघ इतकी बारीक आहे की तिला मुरगळण्याचाच एक प्रकार म्हणता येईल. तेव्हा निदान चुकलं असं नाही.
संध्याकाळी खिचडी मी केली. खालून लागली. तिने सगळी खाल्ली, बोलली काही नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.
माझ्या गोळ्या संपल्या आहेत. आणायला जमलं नाही. तशी तब्येत उत्तम आहे.

२६ नोव्हेंबर, सकाळ
आज संविधान दिन. संध्याकाळी विहारात कार्यक्रम, मुख्य भाषण माझं. मागच्या वर्षी दुसऱ्या कोणाला दिलं होतं, ते फारच लांबलं.
चहा पिताना उजवीकडून सांडला. हे नवीन कप रुंद तोंडाचे आहेत, बदलावेत. उजव्या पायातली चप्पल सारखी निसटते. पट्टा सैल झाला असावा. भागीरथा म्हणाली, "अजी, तुमचं तोंड वाकडं दिसून राह्यलं. दवाखान्यात चला." म्हटलं, भाषणाचा विचार चालला आहे, चेहरा गंभीर झाला असेल. ती म्हणाली, "गंभीर नाई, वाकडं."
कुठेही दुखत नाही. सूत्रानुसार घर.

त्याच दिवशी, जेवणाआधी
संविधानाची उद्देशिका एकदा म्हणून पाहिली. इतकी वर्षं न बघता म्हणतो, आज 'सार्वभौम' सापडेना. पेन सारखं पडतं. हे अक्षर माझं वाटत नाही. हातात थंडी भरली असेल.
भागीरथाकडे पाणी मागितलं तर तोंडातून 'चावी' आलं. ती हसली. मग एकदम थांबली आणि अश्विनला फोन लावला.
क्लिनिकला जायचं कबूल केलं. केवळ तिच्या समाधानासाठी. संध्याकाळच्या आत परत

९ डिसेंबर
घरी आलो. बोलायचा सराव म्हणून रोज थोडं बोलून दाखवा, असं वर्ध्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. माझा उजवा हात तूर्त विश्रांतीवर आहे. मी सांगतो आणि भागीरथा लिहिते. तिने मधे स्वतःचं घालू नये असं ठरलं आहे.
(असं काई ठरलं नाई. भागीरथा.)
तर त्या दिवशी मी वेळीच क्लिनिकला गेलो.
(वेळीच नाई. दुपार झाल्ती.)
गर्दी होती. अश्विन म्हणाला, सरळ आत जाऊ. मी नकार दिला. टोकन घेऊन रांगेत बसलो. नियम सर्वांना सारखा.
(अश्विनले वाटे, बाप बोलून राह्यला त चांगलाच असन. पण बोलणं समजत नव्हतं. मीच उठून आत गेली अन् डॉक्टरीणबाईले हात धरून बाहेर आणलं.)
डॉक्टर नंदिनीने मला हसायला सांगितलं. मी हसलो. माझ्या मते चांगला हसलो. मग दोन्ही हात वर करायला सांगितले. केले.
(एकच झाला. दुसरा आपोआप खाली आला. हे त्याच्याकडे असे पाहत होते, जसा कोण्या दुसऱ्याचा हात.)
ती म्हणाली, "काका, हे इथलं काम नाही. तुम्ही इथे यायलाच नको होतं, घरूनच १०८ बोलवायची होती." अँब्युलन्स येईपर्यंत ती माझ्याजवळ उभी राहिली. दुखत नाही, एवढंच मला तिला सांगायचं होतं. ते काही केल्या सांगता येईना.
वर्ध्याला पहिला प्रश्न असा की, हे केव्हापासून होतंय? मी सांगितलं, आत्ताच.
(मी सांगितलं, सकाळच्या चहापासून. डॉक्टरनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाह्यलं. म्हणाला, एक इंजेक्शन असते, पहिल्या काही घंट्यातच देता येते. आता देता येत नाई. बीपीची गोळी केव्हापासून बंद आहे, तेही विचारलं. मले माहीतच नव्हतं का बंद आहे म्हणून.)
हे लिहायची गरज नव्हती.
(अश्विन बाहेर बाकावर बसून रडला. हे यायले माहीत नाई. आता माहीत झालं.)
आज एवढंच पुरे.

१२ डिसेंबर
काही सांगायचं नाही.
(सांगाले गेले होते. 'अश्विन' म्हणायले लागले, तोंडातून 'अधिकारी' आलं. अश्विननं ऐकलं. म्हणाला, "चालते बाबा, तसंच म्हणा.")

१७ डिसेंबर
मी भागीरथा लिहून राह्यली. हे खुर्चीवर बसून सांगून राह्यले, 'प्रगती समाधानकारक' असं लिही. माझ्या डाव्या हाताचं प्लास्टर काल निघालं. तो हात अजून कोवळाच आहे, म्हणून यायची वाटी मी दोन्ही हातानं धरते.
व्यायाम असा आहे, का एका वाटीतले हरभरे उजव्या हातानं उचलून दुसऱ्या वाटीत टाकाचे. आज सकाळपासून बसले होते. घामानं बंडी भिजली. मी म्हटलं, राहू द्या, उद्या करू. नाई म्हणाले. एक हरभरा उचलला. वाटीपर्यंत नेला. मग खाली पडला, खाटेखाली गेला.
हे म्हणून राह्यले, दोन लिही.
मी एकच लिहिला.