दोघांपुरता पासवर्ड

१२ जुलै २००३, भद्रावती
फौजदार बसस्टँडवरच्या आमच्या दुकानात येऊन गेला. आमच्या सायबर कॅफेतून कारखान्याच्या कॉलनीतल्या कुण्या साहेबाला धमकीचा मेल गेलाय! तोही थेट सर्व्हरवरून. गिऱ्हाइकं तर त्याला हातही लावत नाहीत. अब्बांना म्हणाला, "बाबूभाई, या टाइमले सोडून राह्यलो. परत झालं तर पोराले उचलीन." पोरगा म्हणजे जिशान, माझा धाकटा भाऊ. दुकान तोच बघतो.

१३ जुलै
झोप नाही. मासिकासोबतच्या सीडीतलं लिनक्स आम्ही सर्व्हरवर जसंच्या तसं टाकलं होतं. आज बघते तर दारं सताड उघडी — टेलनेट, एफटीपी, काय नि काय! कुणीही बाहेरून आत यावं. आणि पासवर्ड? तो सगळ्या बसस्टँडला पाठ. लाईट जाऊन आली की डिस्क तपासताना मशीन अडतं आणि रूटचा, म्हणजे सगळे अधिकार देणारा, पासवर्ड मागतं. जिशान नसला की शेजारचा पानठेलेवाला देवाजीसुद्धा येऊन टाकून देतो! लाईट रोजच जाते, करणार काय.

१६ जुलै
सर्व्हरवर आता कुठली प्रणाली टाकावी? डेबियन, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी — वाचून डोकं भणभणलं. डेबियनच्या दुरुस्त्या लवकर येतात, पण आमच्या फोनलाइनवर त्या उतरायच्या कधी? ओपनबीएसडी घुम्या माणसासारखं. सगळं बंद, हवं तेवढंच आपण उघडायचं. मला तेच हवं. जिशान कुरकुरला, "आपा, काऊन एवढी घाबरून राह्यली? चालून राह्यलं ना!" खूप ओरडले. ह्यालाच उचलून नेतील, आणि हा हसतो!

२२ जुलै
नागपूरहून ओपनबीएसडीची सीडी आली. टाकलं एकदाचं! मशीन चालू होताना पासवर्डशिवाय आत शिरायची एक वाट होती, तीही बुजवली. नवा पासवर्ड फक्त मला आणि जिशानला. देवाजी रुसला, "आमी का चोर हाओत?" रुसू दे. आज पोटभर जेवले.

२ ऑगस्ट
दुसरा मेल गेला. पुन्हा आमच्याच सर्व्हरवरून! सगळं तपासलं — बाहेरून कुणी आलेलं नाही. अब्बा फौजदाराला तावातावाने सांगत होते, "साहेब, आता आत मुंगीबी घुसत नाई! माह्या पोरीनं असं बंद केलं." फौजदाराने शांतपणे विचारलं, "मंग पासवर्ड कोणाले माहीत हाय?" मी जिशानकडे पाहिलं. तो खाली बघत होता.

३ ऑगस्ट
पासवर्ड दोघांनाच माहीत. मी मेल पाठवलेला नाही.