रियाची निळी पत्रिका

भिवंडी, रविवार

ती. अनंतामामांस मृणालीचा सप्रेम जयभीम.

खोकला कसा आहे? मामीने दिलेला काढा पिता, की तुळशीला घालता? (तुळस फोफावलीय, असं मामीच सांगत होती.) इकडे सगळे ठीक.

रियाच्या लग्नाची पत्रिका मीच केली. तीन महिन्यांचा डिझाइनचा क्लास वाया जायला नको, असं आईचं म्हणणं. मोबाइलवर असा निळा रंग जमला, की रिया बघतच राहिली. मी ती पत्रिका व्हॉट्सॲपवरून प्रेसवाल्या मुश्ताकभाईंना पाठवला. तिथे पोचेपर्यंत चित्र एवढं बारीक झालं, की छापल्यावर वर-वधू धुक्यात उभे दिसले. मग पेनड्राइव्ह घेऊन स्वतः गेले. त्यांच्या कॉम्प्युटरवर माझा फॉन्टच नव्हता, त्यामुळे ‘मंगल परिणय’च्या जागी नुसते चौकोन. घरी येऊन अक्षरांची चित्रं करून पुन्हा नेली. तर निळा रंग जांभळा! आई म्हणाली, “लग्न हाय का वांग्यांचा बाजार?” रिया रडायलाच लागली.

मुश्ताकभाईंनी समजावलं, “बेटी, मोबाइल का नीला रोशनी से बनता है, मेरा चार स्याही से.” मग दुपारभर त्यांच्या शेजारी बसून फाइल त्या चार शायांत बदलली, गुलाबी शाई उतरवत नेली, आणि सहाव्या नमुन्याला आपला निळा उमटला. रियाने तो कागद ओला असतानाच छातीशी धरला. (ड्रेस गेला.) चारशे पत्रिका छापून आल्यात. आई खूश आहे.

मामीला जयभीम.

तुमची,
मृणाली

ता. क. : बाबांच्या माघारी हे घर तुम्ही खालून उचलून धरलंत, म्हणून तुमचं नाव मी सगळ्यांच्या खाली, ठळक, अगदी कडेला घातलं. कडेला कापणीसाठी जागा सोडायची असते, हे मुश्ताकभाई दोनदा म्हणाले होते. मशीनने नाव कापलं. तुमची फक्त शिरोरेषा उरलीय. आईला ती नक्षी वाटते. तिला सांगू नका. शनिवारी पडघ्याहून पेन घेऊन या, त्या रेषेच्या वर स्वतःच्या हाताने नाव लिहा. साडेतीनशेच आहेत.

ता. क. २ : उरलेल्या पन्नास रियाच्या सासरी, अंजूरला, वाटून झाल्या. नवऱ्याकडच्यांनी मामांचं नाव कुठे, असं विचारलं, तेव्हा आमच्या मामांना पुढे पुढे करायला आवडत नाही, असं मी सांगून टाकलंय. तेव्हा हळदीला जरा बेताने नाचा.