आमचा एक माणूस

९ मे

ती. दादा,
सा. न. वि. वि.

फार दिवसांत पत्र नाही, माफ कर. आजारी नव्हते, कामातही नव्हते. कागद घेऊन बसायचे आणि लिहिण्यासारखं काही आहे का, या विचारातच जेवणाची वेळ व्हायची. तुझी पत्रं मिळाली. वहिनीने मागची खोली रंगवून घेतली, हे वाचलं. महिनाअखेरीला इथली खोली सोडून तुमच्याकडे राहायला यायचं की नाही, ते तुला लवकर कळायला हवंय, तेही वाचलं. आधी सहलीचं सांगते, कारण ते सोपं आहे.

दर उन्हाळ्यात आमच्या इमारतीतल्या भाडेकरूंना एक दिवस बाहेर नेतात. गेल्या वर्षी मी डोकेदुखीचं निमित्त केलं होतं. यंदा शेजारच्या खोलीतल्या शिंपीमास्तरांनी दारावर थाप मारून बजावलं, की निमित्तं संपली असतील तर उसनी देतो, पण चल. तेही माझ्यासारखेच मनोरुग्णांच्या इस्पितळातून थेट इथे आलेले. बोलतात कमी, पण टोचतात नेमकं, धंद्याची सवय.

बसने तलावावर गेलो. पाणी होतं, ऊन होतं, बदकं होती. मजा आली का, असं तू विचारशील. सगळं चांगलं आहे हे मला कळत होतं, पोचत नव्हतं. बधिर केलेल्या दाताला जीभ लावावी, तसं. हे गोळ्यांमुळे, की मी मुळातच अशी झालेय, ते ठरवता येत नाही. वरच्या मजल्यावरची 'मेट्रन' (पूर्वी इस्पितळात काम आयाचं करायची, हुकूम मेट्रनचे) मला म्हणाली, की चेहरा असा सुतकी ठेवलास तर बदकं पोहायची थांबतील. मी हसले. निदान गाल हलले.

परतताना एवढंच झालं. रोज सकाळी आमची चौकशी करणाऱ्या तळमजल्यावरच्या मदतनीस बाई बसमध्ये माणसं मोजत होत्या. मेट्रन मधेच डब्याचं काहीतरी विचारायला गेली आणि मोजणी चुकली. बस हलली तेव्हा मला शेजारची जागा रिकामी दिसली. मी पुढे जाऊन ड्रायव्हरला सांगितलं, की थांबवा, आमचा एक माणूस खाली राहिलाय. मास्तर झाडाआड सदऱ्याचं बटण शिवत बसले होते. चढताना म्हणाले, की तुम्ही सगळे गेला असतात तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत फुकट हवा खाल्ली असती. पण जागेवर बसल्यावरही सुई तशीच मुठीत होती. मी ती काढून घेतली.

बाकी पुढच्या पत्रात. लोभ पत्रांच्या संख्येवर मोजू नये.

तुझी,
धाकटी


१६ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. वहिनीने मोठ्याने वाचलं, मग मी मनात वाचलं. खोलीचा रंग पिवळा आहे, तुला चालेल ना, असं ती विचारत होती. मी म्हटलं, विचारू नकोस, ती दोन्ही बाजूंनी चार-चार कारणं लिहून पाठवेल.

जन्मभर दुसऱ्यांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासलीस, पण स्वतःच्या पत्रातली एक गोष्ट तुझ्या नजरेतून निसटली. तिथे गेल्यापासून तू 'इथले लोक' लिहितेस. इथल्या लोकांनी दिवा बदलला, इथल्या लोकांचं जेवण लवकर असतं. या वेळी 'आमची इमारत', 'आमचा एक माणूस'. आणि आमच्या घराला मात्र 'तुमच्याकडे'. मला ते लागलं, खोटं कशाला बोलू. आईमागे बहिणीला परक्यांत ठेवलं, असं नातलग म्हणतात, तेही लागतं. तुला आणण्यात तुझी काळजी किती आणि त्यांची तोंडं बंद करणं किती, हे वहिनीने मला सरळच विचारलं. मी चहा घेऊन गच्चीवर गेलो.

तेव्हा यायचं आहे का, ते सांग. हो लिही, नाही लिही. 'बघू' लिहू नकोस. आपल्या घराण्यात 'बघू' हा शब्द नकारासाठीच वापरतात.

राग धरलेला नाही. धरला तरी माझ्याच्याने टिकत नाही, हे तुला ठाऊक आहे.

तुझा,
दादा


२२ मे

ती. दादा,
सा. न. वि. वि.

पत्र तुझ्याकडे, म्हणून मी शब्द पडताळू शकले नाही. बसमध्ये नेमकं काय म्हणाले, ते मेट्रनला विचारलं. ती म्हणाली, की शब्द हेच होते, पण तू किंचाळलीस. ड्रायव्हरने असा ब्रेक मारला की डबा तिच्या मांडीवर सांडला म्हणे. किंचाळल्याचं मला आठवत नाही. मी शांतपणे सांगितलं, असंच मला वाटत होतं.

जिथे आनंद वाटेल ती जागा आपली, असं मी धरून चालले होते. तो इथेही वाटत नाही. पण तुमच्याकडे आले तर तुम्ही दोघं तो रोज माझ्या चेहऱ्यावर शोधाल, आणि मी तो तुमच्यासाठी करून दाखवीन. इथे तसं करावं लागत नाही. मेट्रन सुतकी म्हणते आणि मोकळी होते. हा माझा भित्रेपणा असेल. तसा आहे असं धरूनही पाहिलं, तरी उत्तर बदललं नाही.

नाही, दादा. मी राहायला येत नाही. वहिनीला सांग, काही दिवसांसाठी येईन, तिने बोलावलं तर. नातलगांना सांग, की धाकटी हट्टी आहे. ते त्यांना लगेच पटेल. हे लिहिताना वाईट वाटायला हवं होतं. फक्त पाणी प्यायला दोनदा उठले.

रागावलास तरी लिहीत जा. लोभ कमी झाला तर तेही कळव, अंदाजाने राहायला लावू नकोस.

तुझी,
धाकटी

(पत्र बंद केल्यावर वहीत) उद्या : सकाळी खाली जाऊन मदतनीस बाईंना सांगायचं, माझी खोली दुसऱ्या कुणाला देऊ नका.