पाच मिनिटांवरचा बुरूज

तीर्थरूप मामांस,

समोर असतो तर पाया पडलो असतो. ते जमत नाही म्हणून कागदावरच वाकून नमस्कार. मामींनाही. तुमचा खोकला कमी झाला असेल, मामींचा चष्मा सापडला असेल आणि आई, तुम्ही लिहिता तशी, ‘तशी बरी’ असेल, असं धरून चालतो. (त्या ‘तशी’पाशी मी दर पत्रात अडतो, पण ते नंतर.) माझं इकडे उत्तम चाललं आहे. एवढं लांब पत्र लिहायला सवड मिळते, यावरून ओळखाच.

माझं काम नेमकं काय, हे तुम्ही मागे विचारलं होतं. आमच्या कंपनीकडे परदेशातून पर्यटक येतात आणि मी त्यांना डोंगरावरचा जुना टेहळणीचा बुरूज दाखवून आणतो. नऊ वर्षं झाली. ऑफिसात साहेबांनी पाटी लावली आहे, ‘पाहुण्याला नाही म्हणायचं नाही.’ मला ती कधी वाचावी लागली नाही, कारण तो धडा मी तुमच्या हाताखाली गिरवला आहे. (आठवतं ना? मी आठ वर्षांचा असताना ‘डॉक्टर नुसतं बघणार आहेत’ असं सांगून तुम्ही मला दाताच्या दवाखान्यात नेलंत आणि मी दोन दात कमी घेऊन परतलो. वाटेत तुम्ही फुगा घेऊन दिलात. हिरवा होता.) तर चढताना पाहुण्यानं ‘अजून किती?’ विचारलं की मी हसून म्हणतो, ‘आता आलंच, पाच मिनिटं.’ खोटं बोलायचं म्हणून नाही हो. धापा टाकणाऱ्या माणसाला ‘अजून पाऊण तास’ असं कोणत्या तोंडानं सांगायचं? आपली माणसं ते ऐकतात, मनातल्या मनात दहानं गुणतात आणि मुकाट्यानं चालू लागतात. आपल्यात कुणी ते पाच धरतच नाही.

गेल्या महिन्यात एक म्हातारं जोडपं आलं. त्यांनी ते पाच धरले. आजोबा जन्मभर जमिनीची मोजणी करून निवृत्त झालेले, खिशात छोटी वही. आजींचा उजवा गुडघा दुखरा. पायथ्याशी आजींनी मला विचारलं, पायऱ्या किती आहेत? मामा, नऊ वर्षांत मी त्या कधी मोजल्या नव्हत्या. मी म्हटलं, फार नाहीत. आजींनी आजोबांकडे पाहिलं आणि काठी टेकत निघाल्या. पहिल्या वळणावर त्यांनी विचारलं, मी म्हणालो, पाच मिनिटं. वाळक्या झाडापाशी विचारलं, पाच मिनिटं. पाण्याच्या टाकीपाशी तर न विचारताच सांगितलं. दर वेळी आजोबा घड्याळ बघून वहीत काहीतरी टिपत. मला वाटलं, निसर्गाचं वर्णन असेल. (म्हणून मी दोन-तीन झाडांची नावंही सांगून टाकली. त्यातलं एक खरं होतं.) सहाव्या ‘पाच मिनिटां’ना आजी पायरीवर बसल्या आणि त्यांना उठता येईना. गुडघा टम्म सुजला होता. शेवटी खालच्या उपाहारगृहातली हातांची खुर्ची वर आणवली आणि आम्ही चौघांनी त्यांना तीत बसवून उतरवलं. मी खुर्चीच्या पुढच्या डाव्या पायाला होतो. वाटेत आजी मलाच धीर देत होत्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

खाली आल्यावर मी मान खाली घालून उभा राहिलो. आजोबा ओरडले नाहीत. (ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या पाहुण्याचं काय करायचं ते आम्हाला शिकवलेलं आहे, थंड पाणी द्यायचं.) ते शांतपणे म्हणाले, ‘आम्ही सहाशे अकरा पायऱ्या चढलो. तिचा गुडघा दोनशेचा आहे, हे तिला ठाऊक होतं. खरं सांगितलं असतंत तर ती इथंच बसून मजेत डोंगर बघत राहिली असती. चढायचं की नाही, हे तिनं ठरवायचं होतं. ते तुम्ही ठरवलंत.’ मी म्हणालो, त्यांना वाईट वाटू नये एवढीच इच्छा होती. त्यावर आजींनी खुर्चीतूनच विचारलं, ‘मला, की तुम्हाला?’

याचं उत्तर मला ठाऊक होतं, पण ते मला आवडलं नाही.

जाताना आजोबांनी अभिप्रायाच्या वहीत पट्टीनं रेघा मारून तक्ता काढला. वेळ, मी काय म्हणालो, प्रत्यक्षात काय. खाली लिहिलं, मुलगा मनानं चांगला आहे, आमची भाषा उत्तम बोलतो. साहेबांनी तक्ता तेवढा वाचला. मी दुसऱ्या दिवशी एकटाच जाऊन पायऱ्या मोजून आलो. एक हजार चाळीस आहेत. पुढच्या गटाला तो आकडा पायथ्याशीच सांगितला, तर बावीसपैकी एकोणीस जण उपाहारगृहात जाऊन बसले. साहेब म्हणाले, ‘बघू या आपण.’

असो. उन्हात फिरू नका. औषधाच्या वेळा पाळा.

तुमचा भाचा

ता. क. तुमची गेली चार पत्रं पुढ्यात मांडून मीही एक तक्ता काढला. चारही पत्रांत ‘आई तशी बरी आहे, काळजी नसावी’ हेच आहे. पण पहिल्यात खाली आईच्या स्वतःच्या चार ओळी आहेत. दुसऱ्यात दोन. तिसऱ्यात नुसती सही. चौथ्यात फक्त आशीर्वाद, आणि तो तुमच्या अक्षरात. मामा, पायऱ्या किती उरल्या आहेत? डॉक्टर जे म्हणाले ते जसंच्या तसं लिहा. मला वाईट वाटेल, वाटू द्या. पण यायचं की नाही, हे मला ठरवू द्या.

ता. क. दुसरा. मला रजा मिळेल की नाही याची काळजी नको. वर ‘उत्तम चाललं आहे’ लिहिलं ती हाताची सवय. नोकरी गेल्या सोमवारी गेली.

ता. क. तिसरा. ठरवलं. तुमच्या उत्तराची वाट बघत नाही, उद्याच निघतो. प्रवास तीन दिवसांचा आहे. नोकरीचं आईला कळू देऊ नका. आणि तिनं ‘कधी येतोय?’ विचारलं, तर एवढ्या एका वेळेला सांगा, आता आलाच, पाच मिनिटं.