अंगठा उचलेपर्यंत

प्रिय बारक्या,

तुझ्या जहाज कंपनीच्या पत्त्यावर हे पाठवतेय, कुठल्या बंदरात तुझ्या हाती पडेल देव जाणे. फोनवर तू 'ठीक आहे'च्या पुढे सरकत नाहीस, म्हणून हा खटाटोप. आधी बातमी ऐक. आमचा खेळ पूर्ण झाला आणि त्याचा शेवट मी लिहिला होता तसाच राहिला. त्यासाठी साहेबांशी भांडले आणि जिंकले. मी जिंकणार हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं, त्यांना नव्हतं, म्हणून जरा वेळ लागला.

व्हिडिओ गेममधली गोष्ट म्हणजे लोक बटण दाबून पुढे ढकलतात ती बडबड, हा तुझा टोमणा मी विसरलेले नाही. खरंय रे ते. मी घासूनपुसून लिहिलेले संवाद माणसं माझ्या डोळ्यांदेखत उडवून लावतात. सुरुवातीला रडू यायचं, आता हसू येतं. पण त्यातूनच माझं काम मला कळलं. पुस्तकात बहिणीनं भावाचा हात सोडला असं मी लिहिलं, की तिनं सोडला. वाचणारा हळहळतो आणि पान उलटतो. खेळात तो हात खेळणाऱ्याला स्वतः सोडावा लागतो. तिथे गोष्ट नुसती कानावर घालून भागत नाही, समोरच्याच्या हातून ती घडावी लागते.

आमच्या खेळात एक मोठी बहीण आहे आणि एक धाकटा भाऊ. दोघं ओसाड पडलेल्या शहरातून बंदराकडे निघालेत. भावाचा हात धरायचा तर अंगठ्यानं एक बटण दाबून ठेवायचं. सोडलं की तो मागे राहतो, घाबरून मटकन खाली बसतो. तासन्‌तास माणसं ते बटण दाबून चालतात, अंगठ्याला सवयच लागते. शेवटी बंदराच्या धक्क्यावर एक होडी असते, तिच्यात एकाचीच जागा, आणि भावाला जायचं असतं. तेव्हा काही दाबायचं नाही, अंगठा उचलायचा. एवढाच शेवट. भाऊ कुणावरून सुचला ते विचारू नकोस, त्याचे कान बघ म्हणजे कळेल. चित्रकाराला मी तुझा शाळेतला फोटो दिला होता.

आता भांडण. खेळ बाजारात जाण्याआधी आम्ही अनोळखी माणसांना बोलावून तो खेळायला देतो. नियम असा, की आपण मागे बसायचं आणि तोंडाला कुलूप लावायचं. ना इशारा, ना खोकला. मशीन आपली नोंद ठेवत असते. शेवटच्या जागी निम्म्याहून जास्त लोकांच्या नावापुढे तिनं एकच शिक्का मारला होता, 'अडकले'. साहेब म्हणाले, थोड्या वेळानं हात आपोआप सुटू दे, नाहीतर लोक वैतागतील आणि आपला बाजार उठेल. मी म्हटलं, ते अडकले नाहीत, धरून बसलेत. आपोआप सुटला तर तो अपघात झाला, निरोप नव्हे. असा बराच वेळ काथ्याकूट झाल्यावर साहेबांनी तोडगा काढला. ज्यानं जन्मात असलं काही हातात धरलं नाही, अशा एका माणसाला बसवू. त्याला न सांगता कळलं तर शेवट तुझा, नाहीतर आपोआप. मी म्हटलं, आणा कुणालाही.

आणि नेमकी त्याच दिवशी आई ऑफिसात आली. सध्या ती माझ्याकडे राहायला आहे, घराची किल्ली न्यायला आली होती. साहेबांनी तिलाच खुर्चीत बसवलं. आपली आई, जिला टीव्हीचा आवाज कमी करायला अजून बाबा लागतात! पहिल्यांदा तिनं त्या बहिणीला भिंतीवर आपटलं आणि "लागलं का गं?" म्हणून विचारलं. सगळे हसले. मग हळूहळू तिला जमलं. भावाचा हात मात्र तिनं एकदाही सोडला नाही. इतरांचा वाटेत दहादा सुटतो.

तुला सांगायला हवं, की तुझ्याबद्दल कुणी विचारलं तर आई आजवर एकच वाक्य बोलत आली, न सांगता पळून गेला. बाबांच्या चष्म्याच्या दुकानात तुला बसायचं नव्हतं, जहाजावर स्वयंपाकी व्हायचं होतं, हे तिला तेव्हाही कळत होतं. पण त्या दुपारी ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती आणि तू मागच्या जिन्यानं गेलास. तिला वाईट वाटतं ते त्या जिन्याचं, तुझ्या जाण्याचं नाही. ती हे कधी बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

धक्क्यावर पोचल्यावर ती थांबली. पडद्यावरचा भाऊ नुसता उभा होता, श्वास घेत होता. तिचा अंगठा पांढरा पडला तरी ती तो उचलेना. आमचा प्रोग्रामर माझ्या कानात म्हणाला, अडकल्या. मी गप्प बसले. इतकं गप्प बसणं मला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. मग आई त्या पडद्याला म्हणाली, "जा बाळा. वेळेवर जेवत जा." आणि तिनं अंगठा उचलला. साहेब तिथल्या तिथे म्हणाले, शेवट हाच राहू दे. आई त्यांच्याकडे बघतही नव्हती. माझ्याकडे वळून ती म्हणाली, "त्याला कळव, तो पळून गेलेला नाही. मी पाठवलंय त्याला." म्हणून हे पत्र. पळून गेलेल्या माणसाला परत यायला तोंड नसतं, हे मला समजतं रे. पण आता तू पळून गेलेला राहिलाच नाहीस. मुलगा जहाजावर कामाला आहे, सुट्टी मिळाली की येणार, असं आईनं काल माझ्या शेजारणीला सांगूनसुद्धा टाकलं. तिला खोटं पाडू नकोस.

तुझीच,
ताई