धानाच्या बांधीतले कान

आंधळगाव, रविवार

आदरणीय जागेश्वर साडभाऊंना भोजराजचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे आणि सत्यभामाबाईंची साखर ताब्यात असेल असं धरून चालतो. (इकडे लहानपणी गोऱ्ह्याने फाडलेला माझा कान थंडीत ठणकतो, बाकी ठीक. खोटं कशाला लिहू, ठीक नाही. फोनवर सांगता येईना म्हणून लिहितो.)

देवकाची बरसी झाली; तिला जाऊन वर्ष झालं. तुम्हाला आणि तिच्या बहिणीला येता आलं नाही ते एका अर्थी बरंच. तिचा एकटीचा फोटो घरात नाही. मोबाइलमध्येसुद्धा ती पंगतीत वाढताना पाठमोरी. म्हणून नागपूरला चित्रकला शिकणाऱ्या आपल्या गुंजनला म्हटलं, आईचं चित्र काढ. महिनाभर ती कुठलंसं जुनं इंग्रजी गाणं ऐकत रंगवत होती. लढाईच्या विरोधातलं, म्हणे. (गिटारवाला पाय चेंगरल्यासारखा ओरडतो.) बरसीच्या आदल्या दिवशी वरचं कापड काढलं, तर लाल आभाळाखाली शेतातली धानाची बांधी आणि लोंब्यांच्या जागी माणसांचे कान! मधोमध हिरव्या लुगड्यातली बाई, चेहऱ्याच्या जागी थाळी. मी विचारलं, "हे काय होय वं?" म्हणाली, "आई होय, बाबा. दारूच्या दुकानासमोर थाळी वाजवून राहिली होती ना, तवाची." मी नको ते बोललो. तेव्हापासून पोरगी माझ्याशी बोलत नाही.

शेवटी तेच चित्र पाटावर मांडलं. पाहुणे रीतीप्रमाणे गुलाल लावायला आले, तर कपाळच सापडेना. माझ्या थोरल्या काकू मालनबाई म्हणाल्या, "देवका यातली कोनती होय रे?" आणि चूक नको म्हणून त्यांनी थाळीला व शेजारच्या चार कानांना टिळा लावला. मागच्यांना तीच रीत वाटली. साठ माणसांनी एकेक कान पुजला. ऑइलचा रंग आठवडे सुकत नाही हे कोणाला ठाऊक? सगळे हिरव्या-लाल अंगठ्यांनी वरण-भात जेवले. साडभाऊ, मला हसू फुटलं, आणि हे देवकाला सांगावं म्हणून मी स्वयंपाकघरापर्यंत गेलोसुद्धा.

दुकान बंद करा म्हणून ती थाळी वाजवत होती त्या दिवशी मी समोरून मोटारसायकलने गेलो होतो, मान फिरवून. दुकानदार गावातलाच, उगाच वैर कशाला, म्हणून. मागे आठ वर्षांची गुंजन बसली होती. लहान आहे, विसरेल, असं वाटलं होतं.

तुमचा,
भोजराज

ता.क. तुमच्या लग्नाच्या अल्बममध्ये देवका हसतानाचा एक फोटो आहे. तेवढा पाठवा, चित्र उतरवून तो लावतो.

ता.क. आणखी एक. फोटो राहू द्या. आज गुलाल पुसायला बसलो. सगळे कान थाळीकडे वळलेले आहेत; कोपऱ्यातला एकच पाठ करून आहे. त्याची पाळी फाटकी आहे. गुंजन तुमचं ऐकते. तो एक कान वळवता येईल का, तेवढं तिला विचारा. रंग अजून ओला आहे म्हणावं.