मोरीची चावी

सोनटोला, जि. भंडारा
नवरात्राचा दुसरा दिवस, १९३६

प्रिय ईश्वरदास,

धुम्मसाचा तो आवाज आठवतो तुला? आपण शाळकरी होतो, त्या उन्हाळ्यात तलावाची पाळ नव्यानं बांधत होते. ओली माती चोपायला जड धुम्मस पडायचं, धप्, धप्, आणि आपण पळसाखाली बसून त्याच ठेक्यावर आर्या पाठ करायचो. पंतोजी म्हणत, ईश्वऱ्या चालीत चुकतो पण अर्थात चुकत नाही, खेम्याचं नेमकं उलटं. आज वाटतं, त्यांनी आपल्या दोघांची पत्रिकाच मांडली होती.

तू तुझ्या गावच्या कमेटीचा प्रेसिडेंट झालास आणि मी शहराच्या कमेटीचा पेन्शनर मास्तर. शहरानं आपला हा मूठभर घरांचा टोला तलावासकट तुझ्या गावाला देऊन टाकल्याचं कळलं, तेव्हा मी मनातल्या मनात नाचलो. म्हटलं, उतारवयात तुझ्या राज्यात आलो. कसलं काय! करारात पाण्याची उंची लिहिलेली. ताबा होईपर्यंत ती बोटभरही उतरू द्यायची नाही. म्हणून शहराच्या सेक्रेटरीनं शेतांकडे पाणी सोडायच्या मोरीच्या दाराला कुलूप घातलं आणि चावी माझ्या हातात दिली, मास्तर भरवशाचे म्हणून. चावी सोडली तर पेन्शन बंद. तू म्हणतोस, पाळ झिरपते, आधी दुरुस्त करा, मग ताबा घेतो. शहर म्हणतं, देऊन टाकलेल्या वस्तूवर आम्ही खर्च कशाला करू? दोघांचंही बरोबर आहे, आणि मधे धान निसवतं आहे.

धानाच्या बांध्या भेगाळल्या. ढग येतात ते बोदलकसाकडे निघून जातात. या आठवड्यात पाणी मिळालं नाही तर लोंब्या पोचट राहतील. आणि तलाव? भरलेला, वर कमळं, अगदी पाठ्यपुस्तकातल्या कवितेसारखा. मी हल्ली तिकडे बघत नाही.

सकाळपासून दाराला आतून कडी लावून बसलो आहे. ओसरीवर सगळा टोला जमलाय, पुढं तुझा मेहुणा बकाराम. मघाशी खिडकीतून म्हणाला, "काऊन गुरुजी, चावीवर बसून अंडे उबवून राहिले का?" मी म्हटलं, बाबा, माझ्या हातात काही नाही. तर अनुसयाबाई, जिला मीच अक्षर ओळखायला शिकवलं, ती म्हणते, "हातात नाही, कमरेले तं आहे ना!" सगळे हसले. चावी खरंच कनवटीला होती, रे. मग बकाराम खिडकीजवळ आला आणि हळूच बोलला, "कुलूप तोडाले आमाले किती वेळ लागते, गुरुजी? पण तुमच्या ताटावर पाय देऊन पाणी नाही नेणार." त्यापेक्षा त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दाराला बाहेरून कडी असती तरी मी इतका कोंडला गेलो नसतो.

तुला वाटेल, ताबा घे म्हणून विनवतो आहे. पहिली ओळ लिहिताना माझ्याही मनात तेच होतं. पण उद्या उजाडताच मी स्वतः मोरी उघडणार आहे. पेन्शन जाईल, म्हणजे या घराचं भाडंही. पोरंबाळं नाहीत, बायको केव्हाच गेली. तुझ्या गोठ्यालगतची खोली रिकामी असते म्हणे. तेवढी मला दे. मागायची लाज वाटत होती, म्हणून आर्या आणि पंतोजी यांना पुढं घालून इथवर आलो.

थांब. ओसरीवर गलका झाला. बैलगाडी आली वाटतं. कडी वाजते आहे, आणि ही काही बकारामची मूठ नव्हे. फटीतून पाहिलं. बकारामची बहीण, तुझी धुरपताबाई! पदर खोचून उभी आहे आणि साऱ्या टोल्याला ऐकू जाईल असं सांगते आहे, "प्रेसिडेंटसाहेब घरी जेवून राहिले, त्याईले जेवू द्या. कमेटीकडून ताबा घ्याले मी आली. पावती पाहिजे तं अंगठा देते. कडी काढजा, गुरुजी!"

मी कडी काढतो आहे, ईश्वरा.

तुझाच, पण या घटकेपासून तुझ्या घरच्यांच्या ताब्यात गेलेला,
खेमराज